गिटार शेकायची नसते

प्रिय बादलभिया,

आपण जिंकलो! आधी एवढं वाच, मग खाली बस आणि मग पुढचं वाच. उमरखेडच्या होळीच्या लेंगीगाण्यांच्या स्पर्धेत आपल्या तांड्याचा पहिला नंबर आला. मिळालेली ढाल एवढी उंच आहे की कपाटात मावली नाही, म्हणून आपल्या याडीनं ती बाच्या तुरीच्या पोत्यांवर ठेवलीय. घरी कोणी आलं की आधी ढाल दाखवते, मग पाणी विचारते. तू म्हणशील, फोन सोडून ही पत्र कायले लिहून राहिली? तर ऐक. फोनवर मी होळीचं नाव काढलं की तुला लगेच दुसरा कॉल येतो. पत्राला दुसरा कॉल येत नाही. आणि लिहायचं खरं कारण पार शेवटी आहे. मी एसटीची कंडक्टर आहे हे विसरू नकोस. शेवटचा स्टॉप आल्याशिवाय तुला उतरू देणार नाही.

आता जुनी गोष्ट काढते, नाक मुरडू नकोस. त्या होळीची गोष्ट तू तुझ्या बाजूनं डोक्यात हजारदा फिरवली असशील, आज माझ्या बाजूनं ऐक. तू यवतमाळला कॉलेजात होतास. कॅन्टीनमध्ये कपबशा धुऊन घेतलेली ती पिवळी गिटार पाठीला लावून तू सुट्टीला आलास आणि अख्ख्या तांड्याला सांगून बसलास की यंदा लेंगीत मी वाजवणार. आपली होळी पेटते पहाटे. आग लागली, गोल जमला, डफ-थाळी-नगारा सुरू झाला आणि तुझी गिटार कोणालाच ऐकू येईना. मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसले होते, तरी मला नुसती तुझी बोटं हलताना दिसत होती. तू वैतागलास. याचा आवाजच निघत नाही म्हणालास, गिटार बाजेवर टाकलीस आणि पाणी प्यायला घरात गेलास. ते बानं ऐकलं. आता आपल्या बाला काय माहीत? डफ बसला की डफ शेकायचा, चामडं तापून ताणलं की तो बोलायला लागतो, जन्मभर त्यानं हेच केलेलं. त्यानं तुझी गिटार उचलली आणि तान्ह्या लेकराला धरावं तशी धरून होळीपुढं फिरवून फिरवून शेकली. पोराचा आवाज निघावा एवढंच त्याच्या मनात होतं. मग कट्टकन आवाज झाला. तारा जिथं बांधतात ती लाकडाची पट्टी उखडून तारांसकट वर आली, पोट फुगलं, आणि तांडा खो खो हसला. खेमसिंगकाका तांड्याचा नायक असून सगळ्यात मोठ्यानं हसला. तू बाहेर आलास आणि चारचौघांत बाला अडाणी म्हणालास.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तू गेलास. पुढं चाकणची कंपनी, लग्न, तुझी लेक खुशी, सगळं झालं. पण गिटार तू परत हातात धरली नाहीस, हे मला वहिनीनं सांगितलंय. लग्नाकार्याला येतोस आणि चप्पल न काढता परत जातोस. होळीला मात्र एकदाही नाही. किती होळ्या गेल्या ते याडी मोजते, मी मोजत नाही, मला राग येतो. तुझाही येतो, बाचाही येतो. मोडकी गिटार बानं गोधडीत गुंडाळून आढ्याला टांगली. त्याच्याखालीच तो जेवायचा. त्यात मागच्या साली त्याचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, डफ उचलेना. ज्या माणसाच्या डफावर अख्खा तांडा नाचायचा, तो होळीच्या पहाटे बायकांच्या मागं बाजेवर बसून गुडघ्यावर बोटं आपटत होता. मला बघवलं नाही, मी म्हशीला पाणी पाजायच्या निमित्तानं निघून गेले.

आणि मग एक दिवस, दसऱ्यानंतर, फुलसावंगीच्या स्टॉपवर बा माझ्याच गाडीत चढला. हातात गोधडीचं गाठोडं. ते शेजारच्या शिटावर ठेवलं आणि कोणाला बसू देईना. गाडी खचाखच भरलेली, बाया माझ्यावर ओरडायला लागल्या. मीही ड्युटीवर होते, मी आवाज चढवला, बा, सामान खाली ठेव. तर मला म्हणतो, "हे सामान नाही बाई, बिमार मानूस हाय. दवाखान्यात नेऊन राह्यलो." माझं डोकं फिरलं! पण गोधडीतून गिटारीची मान दिसली आणि मी पुढच्या शिटाकडं वळले. उरलेल्या रस्त्यात मी कोणाकडं तिकीट मागितलं आणि कोणाकडं नाही, देव जाणे.

दवाखाना म्हणजे विक्कीची खोली. हा विक्की लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, उमरखेडच्या स्टँडमागं राहतो, आणि त्याच्या भिंतीवर देवांच्या फोटोपेक्षा गिटारी जास्त आहेत. बानं गोधडी सोडली आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. होळीवर शेकली म्हणाला. विक्की आधी हसला, मग बाचं तोंड पाहून त्यानं गिटार मांडीवर घेतली. त्यानं सांगितलं की काका, ही नायलॉनच्या तारांची गिटार, हिला क्लासिकल म्हणतात. हिची मान रुंद, तारा मऊ, बोटांनी छेडायची, आवाज मुळातच हळू. बंद खोलीत चार माणसांपुढं हिचा सूर गोड लागतो, डफांच्या गोलात ही बिचारी काय बोलणार? तुमच्या पोराचं वाजवणं वाईट नव्हतं आणि गिटारही वाईट नव्हती, जागा चुकली. आणि डफाला चामडं असतं, ते तापलं की ताणतं. हिचं लाकूड सरसावर टिकलेलं, तापलं की सरस सोडून देतो. बानं त्या उखडलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे ज्यानं डफ जागते, त्यानं हे मरते." मग लगेच त्याच्या डोक्यातून निघालं की हिला लोखंडी तारा लावल्या तर मोठ्यानं बोलेल का? विक्कीनं अक्षरशः त्याचे हात धरले. लोखंडी तारांचा ताण लय जास्त, तो हिच्या पोटाला झेपत नाही, आगीशिवायच पट्टी परत उखडेल. बा हसला, भिया! त्या गोष्टीवर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग विक्कीलाही चेव आला. त्यानं एकेक गिटार भिंतीवरून उतरवली. पहिली लोखंडी तारांचीच, पोट मोठं, मान अरुंद, आतून लाकडी पट्ट्यांचे आधार दिलेले. एक हात मारला तर खोली खणखणली. बा ताठ बसला आणि म्हणाला, ही थाळी हाय. तुला तर ठाऊकच आहे, लेंगीत काशाची थाळी कशी सगळ्यांवरून ऐकू येते. मग इलेक्ट्रिक काढली. बानं तिच्यावर टकटक करून पाहिलं आणि विक्कीकडं संशयानं बघितलं, की ही तर भरीव हाय, आवाज कुठून निघन? विक्कीनं तारांखालचे चुंबक दाखवले, की तार हलली की हे पकडतात आणि वायरमधून स्पीकरला पाठवतात, पोट लागतच नाही. आणि त्यानं बटण दाबून अशी वाजवली की बाजूचा रसवंतीवाला बघायला आला. बा दोन पावलं मागं सरकला, पण विचारलं काय, तर "लाइनीवर चालते? आमच्या तांड्यात मोटारीले लाइन पुरत नाही, हिले कुठून देता?" त्यानंतर लांब मानेची, जाड्या चार तारांची निघाली, ती बेस. तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. बानं पलंगाच्या लाकडावर तळहात ठेवून तो आवाज हातानं ऐकला. नगारा हाय म्हणाला. बाप्पा! मला एवढी वर्षं सगळ्या गिटारी सारख्याच दिसत होत्या, आणि हा माणूस एका दुपारी त्यांची नातीगोती लावत बसला होता.

पण त्याला पाहिजे होतं वेगळंच. शेवटी त्यानं विचारलं, "माह्या घरवालीच्या आवाजामागं याच्यातली कोनती चालन?" आणि विक्कीला समजेना म्हणून स्वतःच लेंगीची एक ओळ गाऊन दाखवली, त्या फुटक्या आवाजात. याडी कशी गाते ते तू विसरला नसशील. तिचा सूर पायऱ्या चढत नाही, उतारावरून घसरतो. विक्कीनं ती ओळ नायलॉनवर वाजवली, लोखंडीवर वाजवली, आणि प्रत्येक वेळी सूर उड्या मारत गेला. कारण मानेवर त्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, एका पट्टीला एक सूर, दोन पट्ट्यांच्या मधलं तिथं काहीच नाही. इलेक्ट्रिकवर त्यानं तार बाजूला खेचून खेचून बरंच साधलं, पण बानं मान हलवली, की आली, पन पाय आपटत आली. तेव्हा विक्की स्टूलवर चढला आणि कपाटावरून एक धुळीनं माखलेली गिटार काढली. त्याचा बाप जुन्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा ती हवाईयन. ही छातीशी धरायची नाही, मांडीवर आडवी निजवायची. तारा इतक्या उंच उचललेल्या की पट्ट्यांना टेकतच नाहीत, आणि बोटानं दाबायच्या ऐवजी लोखंडाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून सरकवायचा. विक्कीनं तो सरकवला. भिया, याडी तिकडं शेतात कापूस वेचत होती आणि तिचा आवाज इथं उमरखेडात निघाला. बानं हात पुढं केला, मग मागं घेतला आणि विक्कीला विचारलं, "हिले शेकाव तं नाही लागत?" विक्कीनं दोन्ही हात जोडले.

पुढचं तुला खरं वाटणार नाही. मांडीवरच्या गिटारीला खांदा वर करावा लागत नाही, आणि कान बाचा पहिल्यापासून तयार. दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या गाडीनं विक्कीकडं जायला लागला. विक्कीनं गिटारीसोबत दिलेला लोखंडाचा तुकडा त्याला हलका वाटला, म्हणून ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची जुनी पिन घासून घासून आरशासारखी केली आणि तीच वापरली. घरी वाजवायची लाज, म्हणून शेतात मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचा. सुरुवातीला असं काही भयंकर निघायचं की याडी एका संध्याकाळी काठी घेऊन शेतात गेली, कोल्हं शिरलं म्हणून. तिथं पाहते तर नवरा मांडीवर गिटार घेऊन डोळे मिटून बसलेला. मला वाटलं आता काठी बाच्या पाठीवर पडते. पण ती काठी टेकून ऐकत उभी राहिली आणि मग आपल्या गोरबोलीतच त्याला झापलं, की इथं कायले घसरता, इथं थांबायचं असते, मी थांबते ना! आणि तिथंच बांधावर बसून तिनं ती ओळ गायली, बानं मागून धरली. त्या दिवसापासून बाची मास्तरीण याडी. रोज भांडण व्हायचं. रोज वाजायचं. म्हशींनासुद्धा सवय झाली.

तर आता स्पर्धा. गेल्या रविवारी. मैदान गच्च, पळसाची फुलं डोक्यात खोचलेल्या बाया, मीही फेटिया, आपला आरशांचा घागरा, घातला होता आणि कंडक्टरची शिट्टी कमरेला खोचली होती. आमची पाळी आली. याडी पुढं, खेमसिंगकाका आणि पोरं डफ घेऊन मागं, आणि मधोमध सतरंजीवर बा, मांडीवर गिटार. लोक हसले. मला तीच होळी आठवली. त्यात एक परीक्षक उठले आणि माइकवरून म्हणाले की हे वाद्य लेंगीच्या परंपरेतलं नाही, बाजूला ठेवा. बानं पिन तारांवरून उचलली. मी पुढं होणार तेवढ्यात आपल्या याडीनं माइक ओढून घेतला. "आमचे आजे-पणजे बैलाईवर मीठ लादून मुलुखभर हिंडले. वाटेत जे चांगलं भेटलं ते घेतलं. हेही वाटेतच भेटलं साहेब. आता आमचं हाय." मैदानात ज्या शिट्ट्या पडल्या! मीही माझी शिट्टी फुंकली, डबल. परीक्षक हसून खाली बसले आणि हातानं सुरू करा म्हणाले.

आणि याडीनं पहिला सूर लावला नाही तो लाइन गेली. आमच्या आधीच्या टीमांचं सगळं सुरळीत झालं, आमच्या वेळेलाच मेली! माइक बंद, स्पीकर बंद. मागं डफ धडाधड वाजत होते आणि बाची गिटार त्यात बुडायला लागली, हुबेहूब तुझ्यासारखी. बानं मान वर केली आणि मागं पाहिलं. तेव्हा खेमसिंगकाकानं, त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या आपल्या नायकानं, डफावरचा तळवा काढला आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. त्याला पाहून बाकीच्यांनीही आवाज दाबला. थाळीवाल्यानं थाळी पोटाशी धरली. याडीचा सूर वरून घसरत आला आणि बाची पिन त्याच्या मागून तशीच घसरत आली, कुठं आवाज संपतो आणि कुठं तार सुरू होते ते मलाच कळेना, आणि मी तर तिच्या पोटची. शेवटच्या ओळीला बानं पिन वर नेली आणि नेमकी याडी थांबते तिथं थांबवली. मग काका ओरडला आणि सगळे डफ एकदम फुटले. लोक खुर्च्यांवर चढले, रे! विक्की गर्दीत उभा राहून रडत होता आणि कोणाला तरी सांगत होता की ती माह्या बापाची गिटार हाय. पहिला नंबर पुकारला तेव्हा बा उठलाच नाही, त्याला वाटलं दुसऱ्या कोणत्या तांड्याचं नाव घेतलं. याडीनं ओढून उभा केला. येताना मी गाडीत सगळ्या तांड्यासमोर ढालीचं अर्धं तिकीट फाडलं, माझ्या पगारातून.

आता शेवटचा स्टॉप, म्हणजे हे पत्र. काल संध्याकाळी बा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, बादलले लिही. मी म्हटलं फोन लावते, तर नको म्हणाला, फोनवर मले बोलता येत नाही. मग त्यानं गोधडी उघडली. तुझी पिवळी गिटार, भिया. विक्कीनं पट्टी परत बसवली, नायलॉनच्या नव्या तारा लावल्या. पोट थोडं फुगलेलंच राहिलं, पण सूर परत आलाय, मी छेडून पाहिला. बानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. "त्याले सांगजो, माही गिटार गाते, पन एकटी गाते. मागून धरून ठेवाले कोनी नाही. ते त्याच्याच गिटारीचं काम हाय, विक्की म्हने. डफ मी हळू करवतो, माह्यासाठी केले तं त्याच्यासाठी कायले नाही करतीन. अन् त्यानं मले अडाणी म्हनलं ते खरं होतं. आता नाही राह्यलो. ये म्हना, अन् इचार मले कोनती गिटार कोनती ते." येत्या होळीला वहिनीला आणि खुशीला घेऊन ये, भिया, आणि चप्पल काढून ये. आज सकाळी बानं होळीची जागा बदलायला लावली. खेमसिंगकाका म्हणाला, एवढ्या वर्षांची जागा काहून बदलता? बानं कडुनिंबाखाली दोन बाजा टाकल्या, एक त्याची, एक तुझी, आणि तिथून होळीपर्यंत पावलं टाकत गेला, परत आला, लाकडं आणखी लांब सरकवायला लावली. मी ड्युटीला निघाले तर माझ्या मागं रस्त्यापर्यंत आला आणि म्हणाला, "त्याले हेही लिहिजो बाई, का आग लांब ठेवली हाय."

तुझीच, तुझ्यासाठी सिंगल बेल मारून गाडी उभी करून ठेवलेली,
जया